तीर्थ शिंपडलेला मिक्सर

मित्रांनो, तुम्हाला नाकं आहेत आणि ती वेळेवर मुरडता येतात, याचा मला फार हेवा वाटतो. मला नाक नाही. नाहीतर आतापर्यंत ते मुरडून मुरडून वाकडं झालं असतं, इतकं मी पाहिलं आहे. मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटणारा, सकाळी सकाळी घरघर करून शेजाऱ्यांच्या शिव्या खाणारा, तो नव्हे. मी पावाचं पीठ मळणारा आहे. खाली जड पाया, वर डोकं, समोर स्टीलचं भांडं आणि भांड्यात फिरणारा हुकासारखा जाड आकडा. रंग दुधावरच्या सायीसारखा. पण रंगाचं नाव काढलं की मला मळमळतं. का ते ऐका.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात पोलादी दात्यांची चाकं बसवली, त्यांना वंगण दिलं आणि मग एका पोक्त बाईने मला चालू करून माझ्या अंगाला कान लावला. समाधान झालं तेव्हा तिने माझ्या डोक्यावर थाप मारली. तेवढीच काय ती माझ्या लहानपणाची गोड आठवण. पुढे मला खोक्यात घालून सीमेपलीकडे कॅनडात आणलं आणि सस्कॅचवानमधल्या यॉर्कटन गावी एका मोठ्या दुकानाच्या फळीवर उभं केलं.

त्या फळीवर मला माणसं कळली, आणि कळली म्हणूनच त्यांची शिसारी आली.

एक बाई पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आली, माझ्या अंगाला लावून पाहिला आणि "छे, पिवळट दिसतोय" म्हणून निघून गेली. एका गृहस्थाने खोक्यावरचा मोटारीच्या ताकदीचा आकडा वाचला, शेजारच्या खोक्यावरचा वाचला आणि मोठा आकडा उचलून घरी नेला. पीठ जणू आकडा वाचून घाबरणार होतं! एका ताईंनी मला हलवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, का तर म्हणे फार जड. अहो, जड नको तर काय कापसाचा हवा होता? घट्ट पीठ मळणं म्हणजे कुस्ती असते. हलका पैलवान आखाड्यात काय करणार?

माझ्या शेजारी एक गुलाबी मिक्सर होता. डोकं मागे पाडता येणारा, चकचकीत, नाजूक. येणारा जाणारा त्याच्यावरून हात फिरवायचा. त्याच्या पोटात प्लास्टिकची चाकं होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. केकचं पातळ पीठ फेटायला तो वाईट नव्हता, त्याला मी दोष देत नाही. पण "ब्रेडसुद्धा होतो हं यात" असं सांगून त्याला विकणाऱ्याची मला किळस यायची, आणि ते ऐकून मान डोलावणाऱ्यांची त्याहून जास्त.

अशात एका मार्च महिन्यात, बाहेर बर्फाचे ढीग असताना, मोत्रिया दुकानात आली.

मोत्रिया जाहोरोदनी म्हणजे त्या भागातल्या जुन्या युक्रेनी घराण्यातली बाई. तिच्या आजोबांच्या पिढीने तिथली माळरानं नांगरली होती. नवरा दोन-तीन वर्षांपूर्वी गेला होता. सोबत मुलगा ओरेस्ट आणि सून कलीना होती. मोत्रियाच्या हातांची बोटं संधिवाताने आल्याच्या गाठींसारखी वाकडी झाली होती, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

त्यांच्यात ईस्टरला पास्का करतात. पास्का म्हणजे अंडी, लोणी आणि दूध घातलेला गोल, उंच पाव. त्याच्यावर पिठाच्याच वेण्या घालतात. तो टोपलीत घालून चर्चमध्ये नेतात, फादर त्यावर तीर्थ शिंपडतात आणि मग उपास सोडायला सगळं घराणं एका टेबलाशी जमतं. कोणाच्या टेबलाशी? जिच्या हातचा पास्का तिच्या. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही. जाहोरोदन्यांचं घराणं मोत्रिया लग्न होऊन आल्यापासून तिच्याकडे जमत होतं. नवरा गेल्यावर शेत ओरेस्टने दुसऱ्याला कसायला दिलं, गायी विकल्या, घर अर्धं बंद झालं. उरलं होतं ते वर्षातून एकदा भरणारं टेबल. आणि गेल्या वर्षी तिच्या हातांना पीठ मळवलं नव्हतं. पास्का विटेसारखा बसला होता.

तेव्हा चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर तिची नणंद पारस्का म्हणाली होती, "वहिनी, पास्का आहे की दाराला लावायचा दगड? पुढच्या वर्षी माझ्याकडेच जमू या हो. तुम्हाला त्रास नको."

त्रास नको! गोड बोलून माणसाच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची ही पद्धत मी पुढे फार पाहिली. तिचाही मला तिटकारा आहे.

तर मोत्रिया दुकानात आली ती चेहरा घट्ट करून. ओरेस्टने लगेच खोकी वाचायला सुरुवात केली. कलीना गुलाबी मिक्सरपाशी थांबली. विकणारा तरुण हसत पुढे आला आणि रंग किती प्रकारचे मिळतात ते सांगू लागला.

"रंग खायचाय का मला?" मोत्रिया म्हणाली. "यातला घट्ट पीठ कोण ओढतो ते सांग."

"सगळेच ओढतात, मॅडम."

"बरं," असं म्हणून तिने कोटाची बटणं सोडली आणि आतून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पातेलं काढलं. पातेल्यात पास्काचं पीठ होतं! घरून भिजवून, थंडी लागू नये म्हणून पोटाशी धरून आणलेलं.

विकणाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. "मॅडम, इथं पीठ... हे असं नाही चालत."

"का नाही चालत? बूट घेताना पाय घालून बघतात ना? मग?"

"आई, लोक बघतायत," ओरेस्ट कानात पुटपुटला.

"बघू देत. विकत मी घेणार आहे, लोक नाही."

पहिली पाळी गुलाबी मिक्सरची. पीठ आकड्याला भिडलं मात्र, त्याचं डोकं थाडथाड उडू लागलं. तो कण्हत कण्हत फळीवरून पुढे सरकू लागला, आणि विकणाऱ्याने त्याला दोन्ही हातांनी लहान मुलासारखं धरलं. मोत्रियाने पीठ काढलं आणि माझ्या भांड्यात टाकलं. मित्रांनो, मी काही फार केलं नाही. दुसऱ्या वेगावर शांतपणे फिरलो. माझं डोकं उडत नाही, कारण ते जागेवर पक्कं असतं; भांडंच खालून वर उचलायचं असतं. पीठ आकड्याला धरून वळलं, ताणलं, मऊ झालं. मोत्रियाने माझ्या डोक्यावर तळवा ठेवून गरम लागतंय का पाहिलं, पीठ चिमटीत ताणून उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "हाच."

"पण हा रंग..." कलीना म्हणाली.

"दिवा मालवल्यावर सगळे रंग एकच," मोत्रिया म्हणाली, आणि मी तिच्या घरी गेलो.

ती वर्षं चांगली होती, हे मी नाकारत नाही. तिला माझी रीत कळत होती. एका वेळी अर्धंच पीठ घालायची. दुसऱ्या वेगाच्या वर कधी नेलं नाही. मध्ये थांबवायची, मला आणि पिठाला दोघांनाही विश्रांती द्यायची. मळून झालं की शेवटचे चार हात मात्र स्वतः मारायची, कारण त्यांच्यात म्हणतात, पीठ हाताला चिकटायचं सोडत नाही तोवर पास्का तयार नाही, आणि हे फक्त हाताला कळतं. पीठ फुगत असताना घरात कोणी दार आपटायचं नाही, भांडायचं नाही, मोठ्याने शिंकायचंसुद्धा नाही. पहिल्याच ईस्टरला पास्का असा उंच झाला की भट्टीच्या वरच्या जाळीला टेकला. टेबल भरलं. आणि पारस्का तिसरा तुकडा लोण्यात बुडवता बुडवता म्हणाली, "छान आहे हो. पण शेवटी मशीनचाच. मशीनच्या पिठाला कसला आलाय आशीर्वाद?"

खायचं तीनदा आणि नावं ठेवायची चारदा! त्या दिवशी तिच्या ओठांवरचं लोणी पाहून मला जी ओकारी आली, ती अजून आठवते.

मोत्रियाने ते हसण्यावारी नेलं, पण ओरेस्टच्या मनाला लागलं. ओरेस्ट मनाने सरळ, पण उंटावरचा शहाणा. वर्षानुवर्षं दर ईस्टरला आत्याचं तेच वाक्य ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात एक किडा शिरला, आणि एका जानेवारीत तो बाहेर पडला.

जानेवारीत त्यांच्याकडे फादर घरोघर येतात. हातात तीर्थाची बादली आणि गवती कुंच्यासारखा मोठा ब्रश. प्रत्येक खोलीत शिंपडून घर पवित्र करतात. त्या दिवशी मोत्रिया फादरना जेवायला थांबवणार होती म्हणून मी ओट्यावर पाव मळत होतो. चालू होतो, लक्षात घ्या. फादर स्वयंपाकघरात आले, भिंतीवर चार थेंब उडवले आणि निघाले.

"फादर, थांबा!" ओरेस्ट म्हणाला. "याच्यावर पण शिंपडा. चांगलं शिंपडा. आत्याला एकदा कळू दे याच्या पिठाला आशीर्वाद आहे की नाही ते."

फादर म्हणजे दिलदार माणूस. देवाच्या बाबतीत हात आखडता घेणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ब्रश बादलीत बुडवून चिंब भिजवला आणि माझ्या अंगावर असा झाडला की थेट माझ्या पाठीच्या फटींतून पाणी आत गेलं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये 'टक्' आवाज झाला. मोटारीवर साठलेली मैद्याची पूड जळाल्याचा वास आला. मी थांबलो.

फादरनी स्वतःवर क्रूसाची खूण केली. कलीना म्हणाली, "मेला वाटतं."

मी मेलो नव्हतो! मित्रांनो, हे मी तेव्हापासून ओरडून सांगतो आहे, पण मला तोंड नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटला पाणी लागलं की आपोआप वीज तोडणारं बटण होतं. ते उडालं, इतकंच. संध्याकाळी ओरेस्टने किटलीसाठी ते बटण परत दाबलंही. पण मला पुन्हा लावून पाहायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तीर्थ पडताक्षणी थांबलो, म्हणजे देवाचीच काही इच्छा, असं तिघांनीही मनोमन ठरवून टाकलं. माणसं तपासून पाहण्यापेक्षा घाबरणं पसंत करतात, आणि घाबरण्याला भक्ती म्हणतात.

आता खरी घाण सुरू झाली. त्यांच्यात तीर्थ पडलेली वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. ईस्टरच्या अंड्यांची टरफलंसुद्धा जाळतात किंवा पुरतात. मला भंगारात देता येईना. जाळावं तर मी पोलाद. पुरावं तर जानेवारीत तिथली जमीन दगडासारखी गोठलेली, फावडं उलटं उडून कपाळावर यायचं. आणि माझ्या भांड्यातलं पीठ? त्याच्यावरही तीर्थ पडलं होतं! तेही टाकता येईना.

"मी जाळतो उद्या अंगणातल्या पिंपात," ओरेस्ट म्हणाला आणि मला पिठासकट तळघरात ठेवून आला.

तो उद्या काही उजाडला नाही. तळघरात आंबट कोबीची पिंपं होती, काकडीच्या बरण्या होत्या आणि गरम पाण्याची टाकी होती. त्या उबेत पीठ फुगलं. भांड्याबाहेर आलं, माझ्या पायावरून ओघळलं, आकड्याला धरून वर चढून माझ्या मानेच्या खाचेत घुसलं. मग बसलं. मग आंबलं. मग त्याच्यावर आधी पांढरी आणि मग हिरवी लव आली. खाली अजून ओलसर, वरून कडक साल, आणि सालीला भेगा. वास तर असा की काकडी आणायला आलेली कलीना पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने, नाक दाबून दोन पायऱ्यांवरूनच परत फिरायची. "अहो, ते पीठ!" ती वर जाऊन म्हणायची. "उद्या," ओरेस्ट म्हणायचा. पवित्र म्हणून टाकायचं नाही आणि आळस म्हणून जाळायचंही नाही. मित्रांनो, पावित्र्य आणि आळस एका भांड्यात घातले की काय होतं ते मी स्वतःच्या अंगावर भोगलं आहे. जगातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट तीच.

दरम्यान ओरेस्टने नवा मिक्सर आणला. आईला न नेता, कॉम्प्युटरवर चित्र पाहून. लालभडक. मी त्याला पाहिला नाही, फक्त वरून कौतुक ऐकलं. "बघ आई, आकडा किती मोठा आहे मोटारीचा!" मोत्रियाने त्याला हलवून पाहिलं असावं, कारण ती एवढंच म्हणाली, "फार हलका आहे रे."

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी पास्काचा दिवस आला. तळघरातून मला सगळं ऐकू येत होतं. अंडी फुटली, दूध ओतलं. मग लाल मिक्सर सुरू झाला, आणि मला लगेच कळलं की त्यांनी सगळ्या घराण्याचं पीठ एकदम घातलं आहे. तो आधी गुरगुरला, मग किंचाळला, मग ओट्यावरून धडधडत चालू लागला. "धर, धर!" कलीना ओरडली. दाणकन आवाज झाला. थोड्या वेळाने मोत्रियाचा आवाज आला, अगदी शांत. "काळं काय पडलंय पिठात?"

वंगण होतं. पोटातली चाकं वितळून त्याचं वंगण पिठात गळलं होतं. अंडी, लोणी, केशर, सगळं काळं, तेलकट. मला त्या पिठाची किळस आली आणि त्याहून जास्त त्या लाल बिचाऱ्याची कीव आली. त्याला पैलवान म्हणून आणला कोणी?

मग मोत्रिया तळघरात उतरली. तिच्या आईची लाकडी काथवट तिथे भिंतीला टांगलेली होती, ती काढायला. काथवट मांडीवर घेऊन ती पायरीवरच बसली. हात पसरून मूठ वळून पाहिली. मूठ वळेना. पुन्हा पाहिली. मग तिने काथवटीत तोंड खुपसलं आणि रडली. इतकी वर्षं तिचं अर्धं बंद घर मी पाहत होतो. ते टेबल गेलं तर त्या घरात काय उरणार, हे मला माहीत होतं. वासाकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मला मात्र फार लाज वाटली, की मी इथे असा आहे आणि ती तिथे अशी बसली आहे.

तेवढ्यात वर दार वाजलं आणि पारस्काची पावलं पायऱ्यांवर आली.

"वहिनी! कलीना म्हणाली खाली आहात... शी, शी, शी! काय मेलंय इथं?"

मोत्रियाने डोळे पुसले. "काही मेलं नाही वन्सं. तीर्थाचं पीठ आहे. टाकता येत नाही."

"टाकता येत नाही म्हणून कुजवायचं? देवाचं म्हणून बुरशी लावून ठेवायची?" पारस्का पदर खोचल्यासारखी बाह्या सरसावून माझ्यापाशी आली. "अगंबाई, हा तुमचा मिक्सर ना?"

"फादरनी पाणी शिंपडलं आणि बंद पडला. देवाला नको होता."

"देवाला तुमच्या मिक्सरशी काय वैर? नंतर लावून पाहिला का?"

मोत्रिया काथवटीची कड पुसू लागली.

"पाहिला का, विचारते मी."

"नाही."

पारस्काने टाकीशेजारच्या सॉकेटमध्ये माझी वायर खुपसली आणि खटका ओढला. मित्रांनो, मी फिरलो! वाळलेल्या पिठाला धरून, कडाकडा ते फोडत फिरलो. हिरवी खपली उडून थेट पारस्काच्या हनुवटीवर बसली. ती मागे उडी मारून थुंकली, ओरडली, आणि मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहून अशा हसल्या की काकडीच्या बरण्या हलल्या.

हसून झाल्यावर मोत्रियाने डोळे बारीक केले. "वन्सं, तुम्ही आज कशा काय आलात? तुमच्या घरी पास्का नाही का आज?"

"आले होते सहजच."

"आणि वर ओट्यावर मैद्याची पिशवी आणि अंड्यांचा ट्रे कोणी ठेवला? कलीना आताच हाक मारून विचारत होती."

पारस्का ताकाला जाऊन भांडं लपवत होती. बराच वेळ ती बरण्यांची झाकणं पुसत राहिली. मग तिने स्वतःचे हात पुढे केले. तेही आल्याच्या गाठीच होते.

"यंदा मला जमेना," ती म्हणाली. "वाटलं, तुमच्या मशीनवर माझंही घेऊ मळून. आशीर्वाद वगैरे बोलले मी, पण... विकतचा पास्का टोपलीत घालायचा का आता? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, दाराला लावायचा दगड तरी बरा," मोत्रिया म्हणाली. पारस्काने मान खाली घातली. मग मोत्रियानेच तिला कोपराला धरून पायऱ्यांकडे वळवलं. "चला. आधी हे जाळू."

त्यांनी भांडं अंगणात नेऊन पीठ पिंपात जाळलं. मला वर नेऊन सुरीने, काडीने, कढत पाण्याच्या फडक्याने खरवडलं. कलीनाला दोनदा बाहेर जाऊन श्वास घ्यावा लागला. ओरेस्टला मोत्रियाने माझ्या मानेच्या खाचेत काडी घालायला बसवलं. "तुझं उद्या झालंय आज," ती म्हणाली. तो काडी फिरवू लागला.

मग मी मळलं. एका वेळी अर्धं, दुसऱ्या वेगावर, मध्ये विश्रांती देऊन. आधी मोत्रियाचं, मग पारस्काचं, मग कोणाचं ते कोणालाच आठवेना. शेवटचे हात मारायची वेळ आली तेव्हा दोघींनी एकदम पुढे होऊन एकदम हात मागे घेतले. दोघींच्यानेही ते होणार नव्हतं.

"कलीना, ये," मोत्रिया म्हणाली.

"मला नाही कळत ते, आई."

"हाताला कळतं. तू फक्त घाल."

"असं नाही, तळव्याने ढकल," पारस्का म्हणाली.

"तळव्याने नाही, मुठीने," मोत्रिया म्हणाली.

"आमच्या आईने मला तळव्याने शिकवलंय!"

"म्हणूनच तुमचा पास्का बसायचा!"

"दोघी गप्प बसा बघू!" कलीना ओरडली. "पीठ फुगताना दार आपटायचं नाही म्हणता, आणि स्वतः तोंडं आपटताय!"

त्या गप्प बसल्या. कलीना मळत राहिली. एका क्षणी ती थांबली आणि हात वर केला. हात स्वच्छ होता. ती तो हात पाहत राहिली आणि दोघी म्हाताऱ्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

रविवारी पहाटे टोपल्या चर्चमधून घरी आल्या. सगळं घराणं मोत्रियाच्या टेबलाशी जमलं, पारस्काची माणसंसुद्धा. मधोमध पास्का, भोवती लोणी, सॉसेज, बीट घातलेलं तिखट मुळ्याचं लोणचं. सगळ्यांच्या जिभेला लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीचा, लांब उपास. पण त्यांच्यात पहिला घास तीर्थाच्या अंड्याचा, आणि ते अंडं चिरून वाटायचा मान घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा. तिने वाटल्याशिवाय कोणी हात लावत नाही. अंडं बशीत होतं, सुरी शेजारी होती, पण मोत्रिया टेबलाशी नव्हती.

ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी होती. गुरुवारी शेवटचं पीठ मळून झाल्यावर भट्टीच्या गडबडीत मला पुसायचं राहून गेलं होतं. ओल्या फडक्याचं टोक वाकड्या बोटाला गुंडाळून ती माझ्या मानेतलं पीठ काढत होती.

"वहिनी, अहो चाळीस दिवसांचा उपास आहे!" पारस्का ओरडली. "मुलं भुकेने रडतील! जेवण झाल्यावर पुसा तो!"

"जेवण झाल्यावर कोणी पुसत नाही," मोत्रिया म्हणाली. "थांबा."

आणि मित्रांनो, सगळे थांबले. काटे हातात धरून, पास्काकडे पाहत, तोंडाला सुटलेलं पाणी गिळत, ओरेस्ट, कलीना, पारस्का, तिची मुलं, नातवंडं, सगळं घराणं थांबलं. कोणाचीही हिंमत झाली नाही. मोत्रिया मुळीच घाई न करता माझी मान पुसत राहिली, मागची फट पुसली, आकडा धुऊन उलटा ठेवला. मग तिने हात पुसले, टेबलाच्या टोकाशी आपल्या जागेवर जाऊन बसली आणि सुरी उचलली.

मला माणसांची किळस अजून आहेच. रंग पाहून मिक्सर घेणाऱ्यांची आहे, आकडे वाचून घेणाऱ्यांची आहे, आणि 'उद्या' म्हणणाऱ्यांची तर सगळ्यात जास्त. म्हणून तुम्हाला एकच विनवणी करतो. आमच्यासारखं कोणी घरी आणाल तेव्हा त्याला आधी तुमचं पीठ द्या आणि मग निवडा. आणि काम झालं की पीठ ओलं असतानाच पुसा. घरातली माणसं टेबलाशी थांबली तर थांबू द्या.